तीस नंबरची गाडी

कुताइसीत तिसऱ्या दिवशी
आम्ही एकमेकींशी बोलणं बंद केलं.
कारण क्षुल्लक. सतरा लारी
शलाकानं वहीत मांडले नव्हते, किंवा मी दोनदा मांडले होते.
खाली रिओनी पांढऱ्या दगडांवरून खळखळत होती,
तिला बोलायला कुणी लागत नव्हतं.

बाजारात दोऱ्यात ओवलेले अक्रोड,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेले,
मेणबत्त्यांसारखे टांगलेले.
मी एक माळ घेतली, मोडली,
मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.
तिनं छोटा घेतला.
याला समेट म्हणायचं की नाही, कुणीच विचारलं नाही.

मग तीस नंबरची मिनीबस.
पाठीवरची सॅक मांडीवर,
सॅकवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी.
ड्रायव्हर प्रत्येक चर्चपाशी
स्टिअरिंग सोडून तीनदा क्रूस काढायचा.
"नास्तिक ड्रायव्हर मिळतो का बघ," शलाका पुटपुटली.
मी हसू दाबलं. हसले असते तर हरले असते.

त्स्काल्तुबो.
सोविएत काळात दुखरे गुडघे घेऊन
लोक इथं गरम पाण्यात बसायला येत.
आता खांब आहेत, घुमट आहेत,
नाचाच्या दालनात फरशी फोडून आलेलं अंजिराचं झाड,
आणि फोटो काढत फिरणाऱ्या आमच्यासारख्या.
शलाकानं कॅमेरा तिसऱ्या मजल्यावर रोखला
तर लेन्समध्ये वाळत घातलेले मोजे आले.

मोज्यांमागे एक बाई. तिनं हात हलवला.
जा, असा नाही. या, असा.

नाव त्सिआला. नातू साबा, बारा वर्षांचा,
इंग्रजी व्हिडिओ गेममधून शिकलेला,
त्यामुळे आजीचं बोलणं
आमच्यापर्यंत जरा लढाईच्या सुरात पोचायचं:
"चहा प्या. दुसरा मार्ग नाही."
बाथटबमध्ये टोमॅटोची रोपं होती,
नळाला बांधलेली, सुतळीनं.

त्सिआलानं माझी सॅक एका हातानं उचलली,
तोलली, खाली ठेवली. "बारा किलो."
(अकरा आठशे. विमानतळावर मोजलेली.)
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
साबानं बोटांचा विंचू करून दाखवला, नांगीसकट.
ती इतकी हसली की चहा सांडला.
मग विचारलं, किती दिवस?
अजून दोन, मग वर डोंगरात.

डोंगर म्हटल्यावर तिनं कप ठेवला.

आम्हीही डोंगरातूनच आलो, सुखुमीहून.
लढाई चालू होती. वर बर्फ.
थोड्या दिवसांसाठीच निघालो होतो.
हाताला लागली ती पिशवी उचलली,
खिंडीत उघडली
तर आत धुवायला काढलेले पडदे.
भाकरी नाही, बूट नाहीत. पडदे.
साबाची आई तेव्हा चार वर्षांची,
तिला त्यातच गुंडाळली.

ते अजून आहेत. पिवळी फुलं, गंजलेल्या कड्या.
पण खिडकी राजवाड्याच्या मापाची
आणि पडदे घराच्या.
अर्ध्या काचेवर येऊन संपतात,
खालून ऊन थेट पलंगावर.

"मापाचे नवे का नाही शिवले?" शलाकानं विचारलं.
मी तिला कोपर मारलं.
साबानं भाषांतर केलंच नाही,
पण त्सिआलाला तिची नजर कळली.
ती काहीतरी थोडकंच बोलली
आणि तो मुलगा बराच वेळ शब्द शोधत राहिला.
"आजी म्हणते, खिडकी तिची नाही."

परतताना गाडीत कुणीच बोललं नाही,
पण ते सकाळचं न बोलणं नव्हतं.

रात्री हॉस्टेलवर वही उघडली.
शलाकानं लिहिलं: चहा, दोघी.
पुढचा रकाना कोरा.
"आणि ते सतरा?"
"माझेच होते."
"नाही गं, मीच दोनदा लिहिले."
"माझे म्हटलं ना!"
झालं, पुन्हा सुरू.

तिच्या सॅकमध्ये त्सिआलानं कोंबलेल्यांपैकी
एक टोमॅटो फुटला होता,
उरलेल्या एकुलत्या कोरड्या शर्टावर.
अंधारात ती मला शिव्या देत होती,
अस्सल मराठीत, मोठमोठ्यानं,
आठ बंकांच्या खोलीत सगळ्यांना समजेल अशा.